हातधुवे साहेबांची दुसरी फेरी

'हात धुवून मागे लागणे' हा शब्दप्रयोग मराठी माणूस जन्मभर करतो, पण तसा माणूस प्रत्यक्षात भेटण्याचा योग फार थोड्यांना येतो. सूनबाईंना तो परदेशात आला. अन्नतपासणी खात्याचा एक उंच, हडकुळा अधिकारी एका सकाळी त्यांच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात शिरला, कोणाशी एक अक्षर न बोलता दाराजवळच्या छोट्या बेसिनपाशी गेला, शर्टाच्या बाह्या सरकवून कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग जो मागे लागला तो लागलाच. त्याचं खरं नाव घरात कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून त्याचं बारसं करण्यात आलं. हातधुवे साहेब.

स्वयंपाकघर म्हणजे दुकानांच्या रांगेमागच्या दोन खोल्या. जवळच्या कारखान्यातल्या कामगारांचं दुपारचं जेवण तिथून जायचं. सूनबाई रांधायच्या, सासूबाई चिरायच्या, आणि सूनबाईंचे यजमान भरलेले डबे गाडीतून पोचवायचे. यजमानांचं मुख्य काम मात्र आई आणि बायको यांच्यामध्ये विजेच्या खांबासारखं उभं राहणं हे होतं, आणि तेवढं ते फार निष्ठेने करत. या देशात राहायची परवानगी त्या स्वयंपाकघराच्या परवान्याला शेपटीसारखी बांधलेली होती. स्वयंपाकघराला कुलूप म्हणजे बॅगा भरायच्या, आणि मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती.

पहिल्या फेरीत साहेबाने नळ सोडण्याआधी बेसिनच्या तळावरून बोट फिरवलं होतं. तळ कोरडा ठणठणीत. साबणाच्या बाटलीच्या तोंडाला वाळलेला पापुद्रा.

"फारच स्वच्छ आहे," तो म्हणाला.

आमच्या सासूबाईंना स्वच्छतेची भारी आवड, असं सांगायला सूनबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने पुढचं वाक्य बोलून टाकलं. "म्हणजे इथे कोणी हातच धूत नाही."

हे खोटं होतं. सासूबाई दिवसातून जितक्या वेळा हात धुवायच्या तितक्या वेळा लोक श्वासही घेत नसतील. पण त्या हात धुवायच्या भाजीच्या मोठ्या सिंकमध्ये, नुसत्या पाण्याने, आणि पुसायच्या पदराला. पदर सकाळीच धुतलेला असल्याने त्याबद्दल चर्चा संभवत नव्हती. छोटं बेसिन फक्त हातांसाठी, असा इथला कायदा. पण ते होतं संडासाच्या दाराला खेटून, आणि घर जवळच असल्याने तो संडास सहसा कोणी वापरत नसे. संडासातून आलेला माणूस जिथे हात धुतो तिथे मी स्वयंपाकाचे हात बुडवू, हा सासूबाईंचा सवाल होता, आणि तो त्यांनी असा काही विचारला होता की क्षणभर सूनबाईंनाच इथला कायदा ओवळा वाटू लागला.

साहेब बजावून गेला. पुन्हा येईन, न सांगता येईन. सगळं ठीक असेल तर दाराच्या काचेवर हिरवा स्टिकर लागेल, नसेल तर लाल. लाल म्हणजे काय हे त्याने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर घरात जे रामायण झालं ते संक्षेपाने असं. सूनबाईंनी समजावलं. सासूबाईंनी आपण चार बाळंतपणं आणि गावभराच्या पंक्ती सांभाळल्याचा दाखला दिला. सूनबाईंनी नातीच्या शाळेची शपथ घातली. यजमानांनी कुठेतरी हवा भरायची राहिली आहे असं म्हणून गाडी गाठली. शेवटी सासूबाई "बरं" म्हणाल्या. पण सासूबाईंचं 'बरं' म्हणजे वादाचा शेवट नसून मध्यंतर असतं हे सूनबाई लग्नापासून जाणून होत्या. त्यामुळे बेसिन पुढेही कोरडंच राहिलं, आणि सूनबाई रोज येताजाता गुपचूप त्यात थोडं पाणी शिंपडून ठेवू लागल्या. आपण कायदा पाळतोय की कायद्याला पाणी पाजतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

आणि मग तो आला. नेमका डबे भरायच्या वेळेला. रश्शाच्या पातेल्यावर झाकण, भात वाफाळतोय, चिरलेल्या काकडीची परात ओट्यावर, पावाचे काप लोणी लावून ताटात रचलेले, यजमान गाडीचं मागचं दार उघडून उभे. साहेब आत आला आणि थेट बेसिनकडे वळला. सूनबाईंच्या लक्षात आलं की आज सकाळच्या घाईत पाणी शिंपडायचं राहून गेलं. हातातला डाव हातातच राहिला.

साहेबाने बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

त्याने साबणाची बाटली पाहिली. पापुद्रा गायब होता, तोंडाशी ताजा फेस होता. त्याची एक भुवई वर गेली. सूनबाईंच्या दोन्ही गेल्या.

तेवढ्यात संडासाचं दार उघडून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी साहेबाकडे पाहिलंही नाही. पायाने नळाची पट्टी दाबली, साबण घेतला, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखं, सगळं रगडून रगडून धुतलं, आणि कागदाने पुसून कागद डब्यात टाकला. साहेब हातातलं काम विसरून बघत राहिला. लग्नानंतर प्रथमच सूनबाईंना सासूबाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. म्हातारीने ऐन वेळेला अब्रू राखली.

साहेब फ्रीजकडे गेला. आतलं तापमान बघितलं, कच्चं खाली आणि शिजलेलं वर आहे ना ते बघितलं, भाताच्या पातेल्यात तापमापीचा काटा खुपसून त्याचाही ताप मोजला. प्रत्येक ठिकाणी मान हलली. सूनबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. बाहेरून यजमानांनी हॉर्न वाजवला. कामगारांच्या जेवणाची सुट्टी कोणासाठी थांबत नसते.

तेवढ्यात सासूबाई पुन्हा संडासात गेल्या. पुन्हा आल्या. पुन्हा तसेच रगडून हात धुतले.

"आजी फार काळजी घेतात," साहेब म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

सूनबाई हसल्या नाहीत. सासूबाई त्या बेसिनला एकाच कारणासाठी शिवल्या असत्या, संडासातून आल्यावर. सकाळपासून फेस येईपर्यंत साबण वापरला गेलाय, बेसिन ओलंच्या ओलं आहे, आणि हे कायद्याच्या धाकाने झालेलं नाही.

ओरडायची सोय नव्हती. साहेबाला मराठी कळत नसलं तरी ओरडणं सगळ्या भाषांत सारखंच कळतं. तेव्हा सूनबाईंनी चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू आणलं आणि अंगाई म्हणावी तशा सुरात विचारलं, "आई, पोट बिघडलंय का तुमचं?"

सासूबाईंनीही तसंच हसून, त्याच सुरात उत्तर दिलं. "हळू बोल. पहाटेपासून चाललंय."

"काय खाल्लंत?"

"परवाचा भात होता पातेल्यात. ओट्यावरच राहिला होता. टाकायचा का? मीच खाल्ला, तुम्हाला कोणाला नाही दिला हो."

"आणि काकडी कोणी चिरली?"

सासूबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे परातीकडे गेले. "मीच. लोणीही मीच लावलं. पण हात धुवून अगं. दरवेळी आधी इथे धुतले, मग तिकडे भाजीच्या सिंकमध्ये पुन्हा धुतले. दोनदा."

म्हणजे संडासाचे हात दोन्हीकडे पोचले होते.

साहेबाने चौकशी केली, आजी काय म्हणतायत. चहा घेणार का विचारतायत, असं सूनबाईंनी सांगितलं. नको, असं म्हणून त्याने खांद्यावरची पिशवी उघडली आणि आतून हिरवा स्टिकर काढला. नखाने मागचा कागद सोडवू लागला. कागद कोपऱ्यात चिकटून बसला होता. तो शांतपणे खरवडत राहिला.

तेवढा वेळ सूनबाईंना मिळाला. आता गप्प बसायचं. स्टिकर लागला की हा जाणार. पोरीची शाळा, घर, सगळं त्या कागदाच्या मागे चिकटलेलं. तो गेला की काकडी टाकता येईल. पण यजमान तोवर थांबतील? बाहेर दुसरा हॉर्न झाला, आणि पाठोपाठ यजमान स्वतःच आत आले, साहेबाला लवून नमस्कार केला आणि काकडीची परात उचलून गाडीकडे चालू लागले. कारखान्यात एक म्हातारा वेल्डर होता. नुकतंच पोटाचं ऑपरेशन होऊन कामावर आलेला. डबा हातात घेतला की आधी झाकण उघडून वास घ्यायचा आणि डोळे मिटायचा. यजमान रोज घरी त्याची नक्कल करून दाखवायचे.

कागद सुटला. साहेबाने काचेवर जागा शोधली.

"थांबा," सूनबाई म्हणाल्या.

मराठीत म्हणाल्या. तरी यजमान परातीसकट थांबले आणि साहेब स्टिकरसकट थांबला.

मग त्यांनी इथल्या भाषेत, व्याकरण जमेल तसं तुडवत, सगळं सांगितलं. सासूबाईंचं पोट, काकडी, लोणी, दोन्ही सिंक. सांगताना सासूबाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर क्रियापद सापडलं नसतं.

साहेबाने स्टिकर बोटावर तसाच धरून ठेवला. मग त्याने विचारलं, "आज मी आलो नसतो तर?"

याला एक चांगलं उत्तर होतं. तरीही काकडी टाकलीच असती, हे कोणालाही सुचलं असतं. सूनबाईंच्या तोंडून दुसरंच बाहेर पडलं. "तुम्ही आला नसतात तर मी बेसिनमध्ये पाणी शिंपडलं असतं, आणि ते ओलं का आहे हे मला कळलंच नसतं. काकडी गेली असती."

यजमानांनी परात खाली ठेवली. खांबालाही कधी कधी कळतं.

मग साहेब कामाला लागला. काकडी कचऱ्यात. पाव कचऱ्यात. भाजीचं सिंक, नळ, सुरी, चिरायची फळी, सगळं जंतुनाशकाने धुऊन निघालं, आणि सूनबाई घासत असताना तो शेजारी उभा राहिला. रस्सा आणि भात सासूबाईंच्या हाताखालून गेलेला नव्हता. झाकणाला कोणी हात लावला हे त्याने तीन प्रकारे विचारलं, तिन्ही वेळा उत्तर सारखं आलं, तेव्हा ते डबे भरायला त्याने परवानगी दिली. शेवटी म्हणाला, आजींनी पोट पूर्ण थांबल्यावरही पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात यायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही.

सूनबाईंनी ते भाषांतर करून सासूबाईंना सांगितलं. सांगताना त्यांनी शब्द निवडले नव्हते. तोंडात आले ते घरातले शब्द आले. "आई, दोन दिवस कशाला शिवायचं नाही. लांब राहायचं."

सासूबाईंनी ते ऐकलं. चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"म्हणजे बाहेर बसायचं?" त्या म्हणाल्या. "या वयात?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी सूनबाईंना दर महिन्याला चार दिवस कोपऱ्यात घोंगडी मिळायची. ताट वेगळं, तांब्या वेगळा, पाणी ओंजळीत वरून. ते कोण घालायचं हे दोघींनाही आठवायची गरज नव्हती. त्या दिवसांपासून सूनबाईंनी एक झणझणीत उत्तर तयार करून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं धार लावून, आणि आज ते वापरायला सरकारी अधिकारी साक्षीला होता.

साहेबाने पुन्हा चौकशी केली. काय म्हणतायत आजी?

"बाहेर बसू का, विचारतायत."

साहेबाला हे फार समंजसपणाचं वाटलं. त्याने कोपऱ्यातली खुर्ची स्वतः उचलली, मागच्या अंगणात नेऊन उन्हात ठेवली, बसायची जागा बाहीने पुसली आणि सासूबाईंना हाताने इशारा केला. सासूबाई गेल्या आणि बसल्या. सरकारने अंगणात बसवलेली ही घराण्यातली पहिलीच बाई असावी. त्यांची मान ताठ होती, पण हात मांडीवर असे ठेवलेले होते जणू दुसऱ्या कोणाचे आहेत.

मग साहेब परत आला आणि त्याने हिरवा स्टिकर काचेवर लावला. तो जरा तिरका लागला. का लावला हे त्याने सांगितलं नाही. महिनाभरात पुन्हा येईन, एवढं मात्र सांगितलं, आणि जाताना परत हात धुतले.

गाडी गेली. सूनबाईंनी ग्लासात पाणी घेतलं, मीठ-साखर घातली, ढवळलं आणि अंगणात गेल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ग्लासकडे पाहिलं, आणि मग मुकाट्याने दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली.

झणझणीत उत्तर सूनबाईंच्या जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

"आई, ओंजळ काय करताय? ग्लास धरा."

सासूबाईंनी ग्लास धरला. त्यांची बोटं सूनबाईंच्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली. मग एक घोट घेतला.

"तेव्हा तू काही बोलली नाहीस कधी," त्या म्हणाल्या.

"बोलले असते तर चाललं असतं?"

सासूबाईंनी ग्लास मांडीवर टेकवला. "नाही," म्हणाल्या. आणि आणखी एक घोट घेऊन, "साखर कमी आहे हो."