चार बोटं पुढे

फुटबॉल क्लबची उतरती कळा गावातल्या प्रत्येकाने आपापल्या जागेवरून पाहिली. ताईने ती कमरेच्या मापात पाहिली. मैदानाच्या फाटकासमोरच तिचं शिवणकामाचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक लांब टेबल, एक इस्त्री आणि तीन भिंतींना टांगलेले लोकांचे अर्धेमुर्धे कपडे. क्लब पहिल्या लीगमध्ये होता तेव्हा खेळाडूंचे कपडे कंपनीच्या खोक्यांतून यायचे आणि ताईकडे फक्त कंबर आत घ्यायला यायचे, कारण ती पोरं काडीसारखी होती. दुसऱ्या लीगमध्ये उतरल्यावर खोकी बंद झाली. तिसऱ्या लीगमध्ये पाठीवरची नावं उसवायचं काम आलं, कारण नाव नीट शिवून होईपर्यंत खेळाडू दुसरीकडे गेलेला असायचा. चौथ्या लीगमध्ये संघात बेकरीतला भट्टीवाला आला, दोन ट्रक ड्रायव्हर आले, पिकल्या दाढीचा एक ग्रंथपालही आला, आणि मग आत घ्यायची कंबर बाहेर सोडायची वेळ आली.

"संघ खाली चाललाय का पोट, तेवढं सांगा," ताई टेप गळ्यात टाकत म्हणायची. "त्याप्रमाणे मी कापड धरते."

सगळा क्लब तिला ताईच म्हणे. खरी ताई ती एकाचीच होती. आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि ही बावीसची. तिने त्याला वाढवला, शाळेत घातला, आणि शाळेतून पळून तो मैदानात जातो हे कळल्यावर एकदा बदडला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चड्डी शिवली. आता तो छत्तीस वर्षांचा. आठवडाभर पोस्टमन आणि रविवारी क्लबचा नऊ नंबर. पहिल्या लीगच्या काळातला संघात उरलेला तो एकटाच. बाकीचे वर गेले, बाहेर गेले, जाडे झाले. धाकटा मात्र क्लबबरोबर एकेक पायरी खाली उतरत आला होता, आणि पायाखालची पायरी कितवी हे त्याने कधी मोजलं नव्हतं.

लीग उतरली की वरून येणारी माणसंही कमी होतात. पहिल्या लीगमध्ये महासंघ रेफरी पाठवायचा, कडेच्या रेषांवर झेंडे घेऊन धावणारे दोन लाइन्समन पाठवायचा आणि या तिघांवर नजर ठेवायला सुटातला एक साहेब पाठवायचा. आधी साहेब बंद झाला. चौथ्या लीगमध्ये लाइन्समनही बंद झाले. नियमच तसा होता: महासंघ फक्त रेफरी देणार, झेंडा धरायला प्रत्येक क्लबने आपापला माणूस द्यायचा. चौथ्या लीगच्या पहिल्या सामन्याला रेफरीने विचारलं, "तुमचा माणूस कोण?" क्लबचा सेक्रेटरी म्हणजे बेकरीचा मालक. तो इकडेतिकडे बघायला लागला. प्रेक्षकांतल्या पुरुषांना एकाएकी बुटांच्या नाड्या बांधायची आठवण झाली. ताई शिवलेल्या चड्ड्या द्यायला आली होती. तिने पिशवी सेक्रेटरीच्या हातात दिली आणि झेंडा उचलला.

"ऑफसाइड कळतं ना, बाई?" रेफरी म्हणाला.

"पास सुटताना आपला गडी त्यांच्या शेवटच्या गड्याच्या पुढे नको," ताई म्हणाली. "यात न कळण्यासारखं काय आहे? दोन बाह्या एका उंचीवर आहेत का नाहीत, हेच तर दिवसभर बघते मी."

आता, चौथ्या लीगचा एक अलिखित रिवाज होता. प्रत्येक क्लबचा झेंडेवाला आपल्याच क्लबसाठी झेंडा हलवायचा. ते चोर, हे चोर, म्हणजे हिशोब बरोबर. रेफरीही शहाणे होते. थ्रो कुणाचा एवढंच ते या लोकांना विचारायचे. ताईला हा रिवाज कुणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी तिने ऐकला नसता. त्या वर्षात तिने पाहुण्यांच्या नऊ गोलांवर झेंडा उचलला आणि आपल्या तिनांवर. त्यातला एक धाकट्याचा होता. सुरुवातीला क्लबमध्ये कुरकुर झाली, "घरचा भेदी" वगैरे. पण झालं असं की रेफरी तिचा झेंडा वर दिसला की शिट्टी फुंकायचे आणि पाहुणे वाद न घालता मागे फिरायचे. बाकी मैदानांवर बाचाबाची, धक्काबुक्की. इथे सामना वेळेवर संपायचा. मैदानाचं छप्पर गेलं होतं, गरम पाणी गेलं होतं, तिकीटखिडकीत मांजर व्यायलं होतं. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय! पण या मैदानावर दिलेला निकाल निकाल असतो, हे लीगभर माहीत झालं होतं, आणि ताईला त्याचा अभिमान होता. ती तो लपवतही नव्हती.

शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी क्लब चौथ्या लीगमध्ये राहणार होता. हरला तर खालच्या खुल्या गटात, आणि खुल्या गटाला महासंघ ना गुणतक्ता छापतो, ना रेफरी पाठवतो. सेक्रेटरीने घरोघर सांगितलं, भट्टीवाल्याने पावांबरोबर सांगितलं, धाकट्याने पत्रांबरोबर सांगितलं. शेवटी दोन-अडीचशे माणूस जमलं. कित्येक वर्षांत एवढं नव्हतं.

मैदानाच्या एका अर्ध्या भागाची रेषा ताईकडे, दुसऱ्या अर्ध्याची पाहुण्यांच्या झेंडेवाल्याकडे. तो धंद्याने प्लंबर होता. पहिल्या हाफात आपला हल्ला प्लंबरच्या बाजूला होता. विसाव्या मिनिटाला धाकट्याने हेडरने गोल केला. स्वच्छ गोल, त्यांचा एक गडी गोलपोस्टला टेकूनच उभा होता. प्लंबरचा झेंडा वर. लोक ओरडले. रेफरी शाळामास्तर होता. खेळाडूंची गर्दी त्याच्या आड आली होती, त्याने काही पाहिलं नव्हतं आणि झेंडा तर वर होता. त्याने गोल रद्द केला. दहा मिनिटांनी पाहुण्यांनी एक गोल मारला. त्यात काही खोट नव्हती. ताईने ती शोधलीही, पण नव्हती.

दुसऱ्या हाफात बाजू बदलल्या आणि आपला हल्ला ताईच्या समोर आला. संघ जिवावर उदार होऊन खेळला. ट्रकवाल्यांची छाती भात्यासारखी हलत होती, ग्रंथपालाने दोनदा चेंडू गोलरेषेवरून काढला. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला भट्टीवाल्याने मधून लांब पास दिला. धाकटा सुटला. गोलकीपर पुढे आला, धाकट्याने त्याच्या डोक्यावरून चेंडू हळूच उचलला आणि जाळं हललं.

अडीचशे माणसांनी एकच आवाज केला. मग तो आवाज एका कडेपासून बंद होत आला, कारण ताईचा झेंडा वर होता.

तिला वाईट वाटलं. झेंडा वर करताना दंडापासून मनगटापर्यंत वाटलं. पण हात खाली आला नाही.

पहिला सेक्रेटरी धावत आला. "ताई, त्यांनी आपला खरा गोल खाल्लाय! फिट्टंफाट होऊ दे ना!"

"त्यांचा झेंडा त्यांच्या हातात होता," ताई म्हणाली. "हा माझ्या हातात आहे."

मग शाळामास्तर आला. बाकीच्यांना दूर करून तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, पहिल्या हाफात तुमच्यावर अन्याय झाला, आता मलाही तसं वाटतंय. झेंडा चुकून वर गेला असं म्हणा. मी गोल देतो. कोणी मला काही म्हणणार नाही आणि तुम्हालाही नाही."

असं कुणी आयतं ताट वाढून दिल्यावर नाही म्हणणं सोपं नसतं. ताईने एकदा गोलकडे पाहिलं. धाकटा अजून जाळ्यापाशी हात वर करून उभा होता. त्याने झेंडा पाहिला होता, पण हात खाली आणायचे राहिले होते.

"मुद्दाम गेलाय वर," ताई म्हणाली. सगळ्यांना दिसावं म्हणून तिने मोकळ्या हाताची बोटं पुढे केली. "चार बोटं पुढे होता."

आता धाकटा आला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता, आणि आवाज सहा वर्षांच्या पोराचा झाला होता. "ताई, एवढ्या गडबडीत कोण बघत होतं गं?"

"मी बघत होते ना," ताई म्हणाली.

शिट्टी वाजली, गोल रद्द झाला, आणि तीन मिनिटांनी क्लब चौथ्या लीगमधून गेला.

पुढचे तीन आठवडे गावाने ताईला चार बोटं दाखवली. भाजीवाल्याने दाखवली, न्हाव्याने दुकानाच्या काचेतून दाखवली. एक गिऱ्हाईक पँट घेऊन आलं आणि आजूबाजूला बघत, हसू दाबत म्हणालं, "ताई, चार बोटं कमी करा." ताईने खरंच चार बोटं कमी केली. गिऱ्हाईक घोटे उघडे टाकून घरी गेलं. गावाचं तिला काही वाटलं नाही. गाव आज बोलतं, उद्या कपडे घेऊन येतं, जाणार कुठे?

धाकट्याचं मात्र लागलं. रोज अकराच्या सुमाराला तो टपाल द्यायला यायचा, स्टुलावर बसायचा, अर्धा कप चहा प्यायचा आणि सगळ्या गल्लीची बातमी सांगून जायचा. आता टपाल दाराच्या फटीतून आत सरकायचं. बुटांचा आवाज यायचा आणि जायचा. त्यात सेक्रेटरीने सांगितलं की धाकट्याने खेळणं सोडलं. रविवारी खुल्या गटासाठी नावं पाठवायची आहेत, दहा जमली आहेत, आणि अकरावा तो नसेल तर क्लबला कुलूपच. "तूच समजाव," सेक्रेटरी म्हणाला. ताई म्हणाली, "मी काही चुकलेली नाही, मग समजावू काय?" पण त्या दिवशी तिने एकच बाही दोनदा उलटी शिवली.

शुक्रवारी दारावर थाप पडली. धाकटा उभा होता, हातात रजिस्टर पत्र. मशीनच्या कंपनीचं होतं, नेहमीचं, पण सही घेतल्याशिवाय फटीतून टाकता येत नाही.

"सही," तो म्हणाला.

ताईने पेन शोधायला मुद्दाम वेळ लावला. स्टुलावरचा कापडाचा ढीग उचलून टेबलावर ठेवला. धाकट्याने स्टुलाकडे पाहिलं, बसला नाही.

"सगळं गाव म्हणतंय मी लायनीतच होतो," तो म्हणाला. "भट्टीवाला म्हणतो, ग्रंथपाल म्हणतो. तो ग्रंथपाल तर आयुष्यात खोटं बोललेला नाही."

"तो आपल्या गोलपाशी होता. त्याला तिथून चष्म्यासकट काय दिसणार? तू काय म्हणतोस?"

धाकट्याने बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. बाहेरून कुणीतरी जाता जाता काचेवर चार बोटं टेकवली. धाकट्याने मान वळवून असं काही बघितलं की ती बोटं पटकन खिशात गेली.

"चार नव्हती, ताई," तो शेवटी म्हणाला. "सहा होती. मला निघतानाच कळलं होतं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग रेफरीला चार का सांगितलीस?"

ताईने सही केली, शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारली आणि पावती त्याच्या हातात दिली. "ऑफसाइड चारलाही असतं आणि सहालाही असतं," ती म्हणाली. "मग अडीचशे लोकांसमोर तुला जास्त कशाला उघडा पाडू?"

धाकट्याने पावती खिशात घातली. मग बॅग खाली ठेवून स्टुलावर बसला आणि मनगटाने डोळे पुसले. ताईने दिसलं नाही असं केलं. हे तिला फारसं जमत नाही. तिने चहा ठेवला.

"रविवारी माझं नाव घाल म्हणून सांगतो सेक्रेटरीला," कप अर्धा झाल्यावर तो म्हणाला.

"सांग," ताई म्हणाली. "आणि या वर्षी पास सुटू दे, मग धाव."