मुठीच्या मापाचा टॉर्च

"हे धर जरा," म्हणत ह्यांनी पाण्याच्या पाइपाचे वीतभर लांबीचे तीन तुकडे माझ्यापुढे केले, तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. तिन्ही जाडीला वेगवेगळे. मुठीत कुठला नीट बसतो ते मी सांगायचं होतं.

"तिन्ही ठीक आहेत," मी न बघताच म्हणाले. "आता ओट्यावरून उचला ते."

आमचे हे, नीळकंठराव, बरखेड्याच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. रिटायर झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सोडलं आणि त्याच शहरात, कोटऱ्यात, घर घेतलं. गेला महिनाभर एकच खूळ डोक्यात होतं, एलईडीचा टॉर्च स्वतः बनवायचा. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आपण कातायचा, आतला दिवा, काच, सेल सगळं आपण निवडायचं. दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि जेवताना मला ऐकवायचे. लांब जाणारा झोत नको, पायाशी पसरणारा हवा. पांढराफटक नको, पिवळसर हवा. बटण मागच्या टोकाला नको, बाजूला हवं, अंगठ्याला जोर पडता कामा नये.

"दुकानात शंभर प्रकारचे मिळतात. तुम्ही नवा काय उजेड पाडणार आहात?"

एरवी अशा बोलण्यावर हे हमखास हसतात. त्या दिवशी नाही हसले. तुकडे गोळा करून निघाले आणि जाताना दाराच्या चौकटीला खांदा धडकला. आठवड्यात त्या चौकटीला किती वेळा धडकले असतील, देव जाणे.

खरं सांगायचं तर माझा राग टॉर्चवर नव्हताच, स्कूटरवर होता. आमची मुलगी शमिका जवळच राहते. अरेरा कॉलोनीतल्या ऑफिसातून तिला घरी यायला उशीर होतो, म्हणून तिच्या मुलीला, जुईला, कथकच्या क्लासहून आणायचं काम ह्यांचं. सात वर्षांची पोर स्कूटरवर पुढे उभी राहते, हँडल धरून. आणि ह्यांना दिवेलागणीनंतर धड दिसत नाही, असा मला दिवाळीपासून संशय होता. एकदा स्कूटर नाल्याच्या कठड्याला घासली. चहाचा कप बशीबाहेर ठेवला जायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं.

"डोळे ठणठणीत आहेत माझे. रस्त्यावरचे दिवे बंद असतात त्याला मी काय करू?"

दिवे बंद असायचे हेही खरंच होतं. त्यामुळे मीही स्वतःची समजूत घालायचे. दोष दिव्यांचाच असू दे, असं मलाही वाटत होतं. त्यांनी डोळ्यांत थेंब घालायला सुरुवात केली तेव्हा म्हणाले, डोळे कोरडे पडतात. तेही मी मानून घेतलं.

एकदा जेवताना ते गंभीरपणे म्हणाले, "आधी ड्रायव्हर ठरवायला हवा. त्याशिवाय पुढचं काही ठरत नाही."

माझा घास हातातच राहिला. "देव पावला! अहो, शेजारच्या विमल वहिनींचा रिक्षावाला आहे ना, रोजचा, चांगला माणूस आहे. तो जुईला आणेल. मी उद्याच बोलते."

"टॉर्चचा ड्रायव्हर गं," ते म्हणाले. "एवढंसं सर्किट असतं. सेलमधून दिव्याला किती करंट जाऊ द्यायचा ते तो ठरवतो. दिव्याने मागितला म्हणून सगळाच द्यायचा नसतो, जळून जातो."

मी वाढायला उठले. इतकं रडू आलं होतं की भात कुणाच्या पानात वाढतेय तेही कळेना. माणूस घरात असून हाताला लागत नाही, तसं झालं होतं.

मग शनिवारी जुई आमच्याकडे होती. पोहे खाता खाता, शाळेतली हिंदी मिसळत, आपणहून सांगायला लागली, "आजी, मैं ना, आजोबांची इंडिकेटर आहे!"

"म्हणजे काय गं?"

"आजोबा विचारतात, लेफ्ट में कोई है क्या? मग मी बघते आणि बोलते, गाय है, ऑटो है. कल तो मी बोललेच नाही, तर एकदम ब्रेक मारला! ऑटोवाले अंकल खूप चिल्लाए." आणि खो खो हसली.

मी तिला जवळ ओढून घेतलं. ती म्हणाली, आजी, पोहे सांडतील.

संध्याकाळी शमिका जुईला घेऊन गेली. अंधारून यायला लागलं तसं ह्यांनी मला अंगणात बोलावलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर तो दिवा बसवला होता, तारा सेलला जोडल्या होत्या. दांडा अजून कातायचाच होता, ही नुसती चाचणी. दिवा लागला आणि पेरूच्या झाडापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत सगळं अंगण पिवळसर उजळलं. खोटं कशाला बोलू, सुरेख उजेड होता.

"बघ कसा पसरलाय," ते खुशीत म्हणाले.

मी त्यांच्यासमोर झाडाशी उभी होते. चपला काढल्या आणि आवाज न करता बाजूला सरकले, दोरीपाशी. उजेड माझ्यावर तेवढाच होता. माझ्या साडीचे काठ मला दिसत होते, हातावरच्या शिरा दिसत होत्या. हे झाडाकडे बघत राहिले.

"मंदा? आत गेलीस?"

मी दोरीच्या कडेने तशीच अनवाणी त्यांच्याजवळ सरकले.

"मंदाकिनी!" त्यांनी सगळी मान वळवली, एकदम दचकले आणि दिवा बंद केला. मी तिथेच होते, हातभर अंतरावर.

"काय झालंय डोळ्यांना?" मी विचारलं. "खरं सांगा. दिव्यांचं मला सांगू नका."

ते पायरीवर बसले. "काचबिंदू. कडेचं गेलंय, समोरचं तेवढं आहे. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकावं म्हणून ते थेंब."

"कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

मग मात्र माझा तोल सुटला. "दिवाळीपासून! आणि पोरीला पुढे उभी करून स्कूटर चालवत होतात? तिला काही झालं असतं तर शमिकाला काय तोंड दाखवलं असतं आपण? आता टॉर्च घेऊन चालवणार होतात का?"

"टॉर्च स्कूटरसाठी नाही."

"मग कशासाठी हा खटाटोप?"

"तुझ्यासाठी." खाली बघतच म्हणाले. "पुढे तूच मला हाताला धरून नेणार आहेस. दुसऱ्या हातात उजेड नको का? तुझा अंगठा दुखतो, म्हणून बटण बाजूला घेतलं." हातातली दिव्याची पट्टी पायरीवर ठेवली. "स्कूटर सोडायलाच हवी होती, कळत होतं मला. रोज म्हणायचो, आजचा दिवस. ती मागे टेकून उभी राहते गं माझ्या छातीला. तेवढंच सोडवत नव्हतं."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या. दोन्ही केलं नाही. आत गेले, खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. शमिकाला सगळं सांगायचं होतं, तेही मलाच.

वळले तर पाइपाचे तिन्ही तुकडे टेबलावर होते. हा माणूस ते माझ्या हातात देत होता आणि मी बघतही नव्हते. एकेक घेतला, मूठ आवळली, अंगठा दाबून बघितला. पहिल्याने कळ आली. दुसऱ्याने आली. सगळ्यांत बारीक होता त्यानेही आली, थोडी कमी.

तो घेऊन मी बाहेर आले. ते अंधारात तसेच बसले होते. मी अगदी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, दिसेन अशी, आणि तुकडा त्यांच्या हातात दिला.

"एकही ठीक नाही," मी म्हणाले. "याहून बारीक करा. मला रोज धरायचाय."