चटई उचलेपर्यंत

चटईखाली खोबरेल तेलाचा वास कोंडला होता आणि माझ्या नाकाला खाज सुटली होती. हलायचं नाही, असं बाबांनी निघतानाच बजावलं होतं. शाळेच्या वादविवाद संघाची कर्णधार झाल्यापासून माझं तोंड बंद राहत नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून वर म्हणाले, "पेपे, आणि बोलायचं तर अजिबात नाही."

आम्ही तिघं मातालेना आजींच्या अंगणात मान खाली घालून बसलो होतो. डोक्यावरून आमच्या घराण्यातली सगळ्यात जुनी, कापडासारखी मऊ चटई पांघरलेली. पुढे बाबा, कारण घराण्याचे प्रमुख ते. मागे मी आणि माझी मोठी बहीण लेउतू. माझा भाऊ नातो काल संध्याकाळी पिकअप मागे घेत होता, आणि आजींचा नातू सिमी त्याला दिसलाच नाही. आता सिमी अपिया शहरातल्या हॉस्पिटलात, नातो पोलीस कोठडीत आणि आम्ही उजाडायच्या आधीपासून इथे. आजींच्या घरातल्या कुणी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली, तर नातो कोठडीतून सुटला तरी या रस्त्याने त्याला पुन्हा जाता येणार नाही. आजींचे पुतणे दगड घेऊन उभे असतील.

गंमत म्हणजे लेउतू नेमकं हेच शिकते. गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करते, आणि तिचा प्रबंध इफोगावरच, म्हणजे चटई पांघरून माफी मागण्याच्या या रिवाजावरच आहे. कोणत्या घराने चटई उचलायला वेळ लावला, का लावला, हे विचारत ती वर्षभर गावोगाव हिंडली. इथेही येऊन गेली होती. पूर्वी एका भांडणात कुणीतरी आजींच्या मुलाच्या डोक्यात बाटली घातली होती, तेव्हा माफी मागायला आलेल्यांना आजींनी भर दुपारपर्यंत उन्हात बसवून ठेवलं होतं. लेउतूने विचारलं, "तुम्ही कशाची वाट बघत होतात?" आजी म्हणाल्या, "कोको घे, गार होतोय." मग लेउतूने आपल्या मनानेच लिहून टाकलं: घराण्याचा मान राखण्यासाठी.

रात्री तिच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला होता. तू स्वतः बसलीस तर तू तटस्थ राहत नाहीस, त्या घरची मुलाखत काढून टाकावी लागेल. फोन ठेवून लेउतूने ते बाबांना सांगितलं. बाबा चटईची घडी उलगडत म्हणाले, "मग काय, रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून देऊ तुला? तिथून मी वाकलेला छान दिसेन."

पहाटे ती सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली होती.

चटईच्या काठाखालून मला थोडं दिसत होतं. "त्यांनी पडदे खाली सोडले," मी कुजबुजले. "हे चांगलं की वाईट?"

"माहीत नाही."

"प्रबंधात काय लिहिलंयस?"

"पेपे, गप्प बस."

"एवढं शिकून तुला साधं..."

"दोघीही गप्प बसा," बाबा पुटपुटले.

ऊन चढलं. चटई तापली. कुणाचे तरी बूट खडीवर करकरत आले आणि आमच्याभोवती फिरून माझ्या अगदी शेजारी थांबले. तळहातावर दगड झेलल्यासारखा आवाज येत होता. पुन्हा. पुन्हा. लेउतूने अंधारात माझा हात धरला.

"प्रबंधासाठी चटईखाली बसलेल्या सगळ्यांना मी विचारलं होतं, काय वाटलं," ती इतक्या हळू बोलली की मला जेमतेम ऐकू आलं. "सगळे म्हणाले, लाज. भीती कुणीच म्हणालं नाही."

मग रबरी चपला फटफटत आल्या. "तू इथे काय करतोस? जा, केळी सोल," मातालेना आजींचा आवाज. बूट गेले. आजी कण्हत गवतावर बसल्या.

"लेउतू आहे का आत?"

"आहे, आजी."

"तुझं ते आवाज टिपायचं यंत्र?"

"नाही आणलं."

"बरं केलंस. त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे चर्चमध्ये पाद्रीबाबांसमोर उभं राहिल्यासारखं." आजी चटईजवळ सरकल्या. "तू विचारलं होतंस ना, कशाची वाट बघत होते. हॉस्पिटलातून निरोप येत नव्हता. पोरगा जगतोय की नाही हेच कळेना, तर माफ काय करू? लोक म्हणाले, काय बाणेदार बाई. म्हटलं, म्हणू देत. घाबरलेय असं कुणाला सांगणार?"

बाबांनी मान न उचलता विचारलं, "आणि आज?"

"आजही तेच. सिमीला आत नेलंय. पायाचं ऑपरेशन, आणि डोक्यालाही मार आहे म्हणतात. सून फोन करणार आहे."

त्या उठल्या नाहीत. तिथेच बसल्या, आणि आम्ही चौघं फोनची वाट बघायला लागलो. मी मनातल्या मनात नातोला शिव्या दिल्या, मग सिमीसाठी प्रार्थना केली, मग दोन्हींची सरमिसळ झाली.

घरात फोन वाजला. अनवाणी पाय धावले, मग एका मुलीचा आवाज. "आजी, फोन."

"तूच बोल," आजी म्हणाल्या. त्यांनी चटईचा काठ मुठीत पकडला. आत मुलगी नुसतं हो, हो, हो म्हणत होती. त्यातून काहीच कळत नव्हतं. आजींनी मूठ आणखी आवळली आणि आमच्या डोक्यावर सगळी चटई ताणली गेली.

"शुद्धीवर आलाय," मुलगी ओरडली. "पाय वाचला. भूक लागलीय म्हणतोय."

मूठ क्षणभर तशीच राहिली. मग डोळ्यांवर एकदम ऊन आलं.

त्यांच्या घरात आम्हाला कोको आणि फणसासारखं दिसणारं उलूचं फळ भाजून दिलं. लेउतूचा कोको बशीवर तसाच गार होत होता. आजींनी कप उचलून तिच्या दोन्ही हातांत नीट धरून दिला.

परतताना गाडीत मी विचारलं, "आता हे प्रबंधात लिहिशील?"

"नाही. आज मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं."

"आणि ते मान राखण्याचं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "ते खोडावं लागेल," म्हणाली.