एरंडेलाच्या धुरातली माझी वर्षं

मित्रांनो, मला किल्ली नाही आणि किकही नाही. मला जागं करायचं तर कुणीतरी धक्का मारत पळायला हवं. मी एक जुनी रेसची मोटारसायकल आहे, एकशे पंचवीस सीसीची, टू-स्ट्रोक. वजनाला इतकी हलकी की दोन माणसं मला उचलून टेबलावर ठेवतात. आवाज मात्र असा, की इटलीतल्या फाएन्झाजवळच्या आमच्या गावात शेजारीण ओरडायची, "तुमच्या त्या कर्कशेमुळे माझ्या कोंबड्या अंडी देईनात!"

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला घडवलं एर्मेसनं. तो आमच्या छोट्याशा संघाचा मेकॅनिक. त्याची धाकटी बहीण निवेस संघ चालवायची आणि निवेसची मुलगी इलेनिया माझ्यावर बसायची. तीन माणसं, एक व्हॅन आणि मी. झाला संघ!

सकाळी ट्रॅकवर पोचलं की एर्मेस आधी बाहेर उभा राहून हवा हुंगायचा. मग माझ्या कार्ब्युरेटरमधला जेट बदलायचा. जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळी तुकडा, त्याला सुईच्या नेढ्याएवढं भोक. त्यातून मला पेट्रोल मिळायचं. हवा थंड झाली की एक जेट, ऊन चढलं की दुसरा. भोक जरा लहान पडलं तर माझं इंजिन तापून जाम होणार, मागचं चाक जागीच थबकणार आणि वर बसलेलं माणूस हवेत! क्लच ओढला की चाक इंजिनापासून मोकळं होतं, म्हणून इलेनियाची दोन बोटं सदा क्लचवर असत.

"देवाचं नाव विसरलीस तरी चालेल पोरी," एर्मेस म्हणायचा, "बोटं विसरू नकोस."

माझ्या पेट्रोलमध्ये तो स्वतःच्या हातानं तेल मिसळायचा. कसलं तेल, माहीत आहे? एरंडेल! तुम्ही नाक मुरडता ना, त्याच जातीचं. पण जळताना त्याचा वास असा सुटायचा की रेसवेडी माणसं तो छाती भरून घेत. चाळीस वर्षं एर्मेसनं तेल मोजलं, आणि माझ्या वाट्याला आलेल्या तेरा वर्षांत माझं इंजिन एकदाही जाम झालं नाही. याचे उपकार मी कसे फेडू?

मिसानोच्या शर्यतीत आम्ही जिंकलो, तो दिवस मला लख्ख आठवतो. इलेनिया उतरली, तसा एर्मेस धावत आला आणि आधी माझी टाकी पुसू लागला.

"दादा, पोरगी जिंकलीय, गाडी नाही!" निवेस ओरडली.

"दोघी जिंकल्या," तो म्हणाला, आणि मग भाचीला मिठी मारून लहान मुलासारखा रडला.

पुढं एका शरद ऋतूत शर्यतींच्या आयोजकांचं पत्र आलं. येत्या मोसमापासून आमच्या वर्गात फक्त फोर-स्ट्रोक गाड्या धावतील. मित्रांनो, मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नियम चुकीचा नव्हता. माझा धूर काही कुणाच्या फुप्फुसांना औषध नव्हता. रस्त्यावरून माझी भावंडं कधीच गेली होती. मी भरपूर धावले होते.

प्रश्न माझा नव्हताच. प्रश्न एर्मेसचा होता. नव्या गाडीचं इंजिन सील लावून यायचं. ते उघडायचं नाही. जेट नाहीत, तेल मिसळणं नाही. हवा मोजायला यंत्र आणि त्या यंत्राचं ऐकायला कोराडो नावाचा इंजिनिअर, लॅपटॉपसकट.

"मग मी काय करू?" एर्मेसनं बहिणीला विचारलं. "टायर पुसू?"

"असं काय बोलतोस दादा? तू आमच्याबरोबर असशीलच की."

"म्हातारा घरी एकटा कशाला, म्हणून जत्रेला नेतात, तसा? नको गं बाई."

तरी पहिल्या चाचणीला तो गेला, आणि तिथंच घात झाला. नव्या गाडीत पेट्रोल भरायचं काम त्याच्याकडं आलं. चाळीस वर्षांची सवय! डोकं दुसरीकडं, हात आपले चालू. त्यानं मोजून एरंडेल ओतलं, डबा हलवला आणि टाकी भरली. इलेनिया दोन फेऱ्या मारून परतली, ती निळ्या धुराचं शेपूट घेऊनच. गाडी फटफट करत बंद पडली.

कोराडोनं वास घेतला आणि त्याला हसू आवरेना. "अहो, हिला काय जुलाब द्यायचे होते का?"

सगळे हसले. एर्मेसही हसला म्हणे. पण घरी आल्यावर त्यानं हत्यारांची पेटी माझ्या शेजारी ठेवली, तिच्यावर फडकं घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो वर्कशॉपमध्ये नुसता बसून राहू लागला. माझ्यावर धूळ बसली, तर तीही पुसेना. माझ्या आयुष्यातले तेवढेच महिने मला नकोसे वाटतात.

तिकडं नव्या गाडीवरून इलेनिया दोनदा पडली. दुसऱ्यांदा तिच्या गळ्याजवळच्या हाडाला चीर गेली. हाड जुळल्यावर एका रविवारी ती वर्कशॉपमध्ये आली.

"मामा, माझं काय चुकतंय?"

"लॅपटॉपला विचार."

"विचारलं. तो म्हणतो, गाडी ठणठणीत आहे. मग मी वळणावर पडते कशी? आता तिसऱ्यांदा पडले ना, तर आई गाडी विकेल."

 एर्मेस उठला आणि त्यानं माझ्यावरची धूळ पुसली. काय सांगू, मला भरून आलं!

गावाबाहेर लहान मुलांच्या गाड्यांचा छोटा ट्रॅक आहे. तिथं त्यानं मला धक्का मारून चालू केलं, इलेनियाला बसवलं आणि स्वतः एका खोक्यावर ट्रॅककडं पाठ करून बसला. आम्ही दहा फेऱ्या मारल्या. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

"वळणाआधी तीन गिअर तू एका दमात पाडतेस," तो म्हणाला. "हिच्यावर खपतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी ही बया मोकाट पळते. पण त्या नवीचं इंजिन स्वतःच मागं खेचतं. धडाधड गिअर पाडलेस की मागचं चाक उड्या मारणारच. एकेक पाड. आधीच्याचा आवाज बसू दे, मग पुढचा."

"पण मामा, तू तर त्या चाचणीनंतर आलाच नाहीस. नव्या गाडीचं तुला कसं कळलं?"

एर्मेस चपापला. "कुंपणाबाहेरून ऐकत होतो," तो पुटपुटला. "दर वेळेला."

 इलेनियानं हेल्मेटसकट त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"अगं, लागतंय!" तो म्हणाला.

मोसमाची पहिली शर्यत मुजेल्लोला होती. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची तिथं निरोपाची एक फेरी ठेवली होती, म्हणून मलाही नेलं. माझी फेरी झाली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मला गॅरेजच्या भिंतीशी उभं केलं. त्यामुळं पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं.

नवी गाडी तापवत ठेवली होती. लॅपटॉपवर सगळं हिरवं. निवेसनं घड्याळ पाहिलं. गाडी रांगेत न्यायची वेळ झाली, तरी कोराडो निघायची खूण करेना. मग त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि मागं कोपऱ्यात उभ्या असलेल्या एर्मेसजवळ गेला.

"एर्मेसकाका, त्या दिवशी मी हसायला नको होतं," तो म्हणाला. "इलेनियानं मला सगळं सांगितलं. माझ्या यंत्राला गाडी कळते, गाडीवरची पोरगी कळत नाही. तुम्ही इंजिन ऐका. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच सोडू."

 एर्मेस पुढं आला, हात पुसले आणि नव्या गाडीच्या टाकीवर तळवा ठेवला. डोळे मिटून ऐकलं. 

"ठीक आहे," तो म्हणाला. "जा, पोरी."

इलेनिया सहावी आली. एकदाही न पडता आली. निवेस कोराडोच्या गळ्यात पडून रडली आणि नंतर त्यावरून लाजलीही.

आता मी वर्कशॉपमध्ये राहते. महिन्यातून एकदा एर्मेस मला चालू करतो, शेजारीण शिव्या देते, आणि माझा दिवस सोन्याचा होतो. माझ्या जागेवर आलेल्या नव्या गाडीचा मला राग नाही. तिनं पोरीला सांभाळलं, आणखी काय हवं?

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला गंज चढू देऊ नका. कधीमधी चालवा, तेलपाणी करा. आणि त्याच्या शेजारी कुणी म्हातारं माणूस गप्प बसलेलं दिसलं, तर यंत्राचं नंतर बघा. आधी त्या माणसाला हाक मारा.