हेस्टर नाचली नाही ती संध्याकाळ

सराईच्या वरच्या दिवाणखान्यात पूर्वी गावाचे नाच व्हायचे, आता तिथं धान्याची पोती ठेवतात. परवा जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मला सगळं नीट आठवतंय, की वाचलेल्या कादंबऱ्यांतलं काही त्यात मिसळलंय, कोण जाणे. हेस्टर असती तर तिनं सांगितलं असतं.

तेव्हा मी गावच्या चर्चमधला दुय्यम पाद्री होतो. भाड्याच्या दोन खोल्या, त्यांतली एक पुस्तकांनी भरलेली. कॅप्टन लडलोंची मुलगी हेस्टर सराईतल्या नाचाच्या दुसऱ्या दिवशी मावशीकडे बाथ शहरी जाणार होती, बहुधा कायमची. त्या संध्याकाळी तिला एका नाचासाठी तरी विचारायचं, असं मी आठवडाभर घोकलं होतं.

पण मी दाराशी पोचलो तोच, पहिल्याच नाचाला जमीनदाराचा पुतण्या कॅथकार्ट तिच्यापुढे वाकला. ती काहीतरी बोलली, तो लाल होऊन दूर झाला, आणि ती भिंतीकडच्या खुर्चीत बसून राहिली. पाय दुखत असेल, असं समजून मी पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खोलीत गेलो.

तिथं डॉक्टरांच्या बायकोनं, मिसेस प्रुएटनी, मला गाठलं.

"काय हो पाद्रीबाबा, इथं काय करताय?"

"मिस लडलोंचा पाय दुखतोय ना, म्हणून..."

"पाय? एकाला नाही म्हटलं की त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबर नाचता येत नाही. तरी नाही म्हणाली ती त्या कॅथकार्टला. तुमची वाट बघत होती. कुठं होतात?"

"जिन्यात. हातमोजे चढवत होतो."

"किती हात आहेत तुम्हाला?"

"आता विचारून काय उपयोग? नाचता तर येणार नाही."

"शेजारी बसता येतं की."

नियम मलाही पाठ होता. माझ्यासाठी कुणी तो ओढवून घेईल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

दिवाणखाना पार करून मी तिच्या शेजारी बसलो. समोरून फिरणाऱ्या प्रत्येक जोडीची मान आमच्याकडे वळत होती.

"खिडकीतून वारा येतोय का?" मी विचारलं.

"येतोय थोडा."

मी खुर्ची सरकवून वाऱ्याच्या आड बसलो. शेवटचे चार नाच आम्ही तसेच बसलो. याहून जास्त बोललो असेन, तर मला आठवत नाही.

हेस्टर बाथला गेली नाही. तिची पेटी गाडीवरून उतरवल्याचं ऐकून मला मावशीच्या तब्येतीची काळजी वाटली. तीन आठवड्यांनी तिनं मला चर्चबाहेर थांबवलं.

"मिस्टर टॉलिव्हर, बाबांना कधी भेटताय?"

"काही काम आहे का त्यांचं?"

"सगळ्या गावासमोर चार नाच माझ्याशेजारी बसलात. तेव्हापासून बाबा रोज दुपारी चांगला कोट चढवून तुमच्या मागणीची वाट बघतात. घट्ट होतो तो त्यांना."

"तुम्हाला... चालेल?"

"मग पेटी कशाला उतरवली मी?"

आम्ही बरोबरच निघालो. वाटेत मी दोनदा विचारलं, नक्की ना? दोन्ही वेळा ती हो म्हणाली. दुसऱ्यांदा जरा चिडून.