नकाशात नसलेला बाक

बागेचा नवा आराखडा ठरवायला रहिवाशांना बोलावलं होतं. प्रत्येकाला तीन हिरव्या टिकल्या दिल्या. बागेतलं जे ठेवायचं, त्यावर नकाशात चिकटवायच्या. माझ्या आजोबांना एकच गोष्ट वाचवायची होती: आजी शेवटपर्यंत ज्यावर बसायची तो बाक. तो नकाशात सापडेना.

"नकाशा विमानातून काढलेल्या फोटोवरून केलाय, आजोबा. बाक झाडाखाली झाकला गेला," आराखड्याच्या बाई म्हणाल्या. "आमच्या लेखी तो नाहीच."

"मग तोडणार कसा?"

बाईंनी यादी दोनदा चाळली. "खरंय. नसलेली वस्तू तोडायचा आदेश निघत नाही."

आजोबांनी टिकल्या खिशात घातल्या. संध्याकाळी त्या बाकावर, आजीच्या जागी चिकटवल्या आणि शेजारी बसले. मी उभाच राहिलो. बाक भरला होता.