नवव्या प्रकरणातला कुत्रा

टाचणी वाकडी होती. सरळ टोचली असती तर चिठ्ठी नीट बसली असती, पण भिंगकाकांनी ती घाईत — किंवा रागात, किंवा आनंदात, त्यांचं काही सांगता येत नाही — नवव्या प्रकरणाच्या प्रुफावर कशीबशी अडकवली होती, आणि तिचं टोक बरोबर ‘उठला नाही’ या शब्दांतून वर आलं होतं. चिठ्ठीवर हिरव्या शाईत एवढंच : ‘मुळात कुत्रा उठतो. पाहावे.’

पाहावे म्हणे. तिनं टाचणी उपसली, ती बोटात रुतली, आणि सकाळी दहा वाजताच दिवस हातातून गेल्यासारखं तिला वाटलं. भिंगकाका म्हणजे या प्रकाशनसंस्थेतले मुद्रितशोधक. नाकाशी भिंग धरून तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचणारा माणूस. एखादी घसघशीत चूक हाती लागली की त्या दिवशी ते चहा दोनदा घेत. आत्ता पलीकडच्या टेबलावर त्यांचा दुसरा कप वाफाळत होता. तिनं तिकडे बघायचं टाळलं.

मोठाल्या कादंबऱ्या मुलांसाठी शंभरेक पानांत आणायच्या, हे तिचं काम. बावीस वर्षं हेच. तिची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीचा तिला — आता कबूल करायला काय हरकत आहे — थोडा माज होता. एक प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मग लिहायला बसायचं. आठवलं ते राहिलं. गळलं ते गळायच्याच लायकीचं होतं. नव्या लागलेल्या मुलींना ती हे समोर बसवून शिकवायची. पुस्तक उघडं ठेवून लिहिलंत तर कात्री चालते, मिटून लिहिलंत तर गोष्ट चालते... असली वाक्यंही तिच्याकडे तयार असत.

या खेपेची कादंबरी बर्फाळ मुलुखातली, बर्फगाडी ओढणाऱ्या एका कुत्र्याची. जुनी, जगभर वाचली गेलेली. तिनं ती मागून घेतली होती. बावीस वर्षांत एकदाच स्वतःहून काही मागितलं, ते हे. आणि मागितलं ते नवव्या प्रकरणासाठी. गोठलेली नदी, उतरत चाललेला उजेड, मालकाला पलीकडच्या ठाण्यावर पोचायची घाई, आणि काठाशी येऊन सगळ्यांच्या पुढचा कुत्रा खाली बसतो. मालक ओरडतो. मग चाबूक. एक, दोन, तीन. कुत्रा उठत नाही. शेवटी मालकच चाबूक टाकतो आणि त्याच्या शेजारी बर्फात बसतो. बस्स, एवढंच. हे प्रकरण लिहिण्याआधी तिनं मूळ पुस्तक उघडलंच नव्हतं. कशाला उघडायचं? आपल्याच घराचा जिना कुणी पायऱ्या मोजत चढतं का?

आता उघडलं. आधी पानांची सळसळ जरा मोठ्यानंच केली, भिंगकाकांना ऐकू जावी म्हणून. मग शेवटची ओळ वाचली. मग तिच्या वरची. मग सगळं पान. तिसऱ्या फटक्यानंतर कुत्रा मालकाकडे बघतो आणि उठतो. दोर ताणले जातात. बर्फ करकरतं, पण टिकतं. सगळे सुखरूप पलीकडे पोचतात, आणि मालक त्याच्या मानेवर थोपटून म्हणतो, शहाणा आहेस.

शहाणा! मेल्या, दीडशे पानं त्याला वाढवलंस, वादळांतून काढलंस, ते यासाठी? — हे कुणाला, ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. लेखकाला असावं. तो बिचारा केव्हाच मरून गेलेला.

“सापडलं?” दारातून संपादकांनी विचारलं. वयानं तिच्याहून लहान, पण खुर्ची मोठी. “दोनच ओळींचा प्रश्न आहे. चारपर्यंत बदलून द्या. चौथ्या फर्म्याची सोळा पानं तेवढ्यासाठी अडलीत, छापखान्यातून दोनदा फोन आला.”

“माझ्या आठवणीत तो उठत नाही.”

“अहो, आठवणीत असेल. पुस्तकात उठतो ना?” ते हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त झोंबलं. “मूळ लेखकाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, हे तुमचंच वाक्य आहे. आम्ही सगळे तेच घोकत मोठे झालो.”

ते गेले. ती चिठ्ठीकडे बघत बसली. चिडचिड अशी की टेबल उलथावं, आणि टेबल उलथण्यातली तर ती नव्हेच. तिनं आजवर साधी खुर्चीसुद्धा आवाज करून सरकवलेली नव्हती. बरं, बोलणार काय? हो, चूक माझीच? की भिंगकाका, तुमचं भिंग धन्य? घरीदारी, इथेतिथे सगळ्यांनी तिला एकच शब्द बहाल केलेला — समजूतदार. सुट्टी कुणी मागं घ्यायची? ती समजूतदार आहे. खिडकीजवळची जागा कुणी सोडायची? तिला सांगा, ती समजून घेईल. घेते बाई. घेतच आलेय.

पण उठत नव्हता तो. मी वाचलंय. दहा वर्षांची होते, मावशीच्या घरी, माळ्याखालच्या खोलीत...

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. घरात दोन मुलींचं बघणार कोण? ताईचं शाळेचं वर्ष महत्त्वाचं होतं, तेव्हा धाकटीला वर्षभर मावशीकडे ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे मोठ्यांनी ठरवलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. बाबा पिशवी घेऊन उभे. “ऊठ, बस चुकेल.” एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज इतका थकलेला होता की ती उठली. फ्रॉक झटकला, चपला घातल्या. रडली नाही. आतून आई म्हणाली, “शहाणं माझं बाळ ते.” बसमध्ये मांडीवर ते पुस्तक होतं, मुलांसाठी छोटं केलेलं. कुणीतरी तिच्यासारख्याच माणसानं छोटं केलेलं...

हो की! ती खुर्चीत ताठ झाली. तिनं लहानपणी मूळ पुस्तक वाचलंच कुठे होतं? तिनं वाचला तो कुणाचा तरी संक्षेप. म्हणजे तो बदल त्या संक्षेपकाराचा. असेल एखादी बाई अशाच टेबलाशी बसलेली, लेखकाचा राग आला असेल तिला, आणि बसवलं असेल तिनं कुत्र्याला खाली. सरळ आहे. चूक माझी नाही, मला वारशात मिळालेली आहे! एवढं संपादकांना दाखवता आलं तर निदान भिंगकाकांचा दुसरा कप तरी कडू होईल. आणि ते पुस्तक कुठे आहे हेही तिला ठाऊक होतं. तिच्या वस्तू ज्यांच्याकडे जात, त्यांच्याकडेच.

“आहे ना,” ताई फोनवर म्हणाली, “कुठे जातंय? माझ्या दोन्ही मुलांनी वाचलं. पण भर दुपारी तुला हे काय सुचलं?”

“काम आहे. नववं प्रकरण काढ. शेवटचं पान वाच.”

“थांब, चष्मा आणते.” खुडबुड, कपाटाचं दार, धुळीनं आलेली शिंक. “हं. ‘तिसरा फटका बसला. त्याने एकदा मालकाकडे पाहिले आणि तो उठला.’ मग तिथून पुढं... ”

“नीट वाच.”

“नीटच वाचतेय! ‘आणि तो उठला.’ पुढच्या ओळीसुद्धा आहेत, पण कुणीतरी त्या खोडून टाकल्यात. पेन्सिलनं, चांगलं कचाकच. कागद फाटायचा बाकी आहे. ‘शहाणा’ की काय ते तर पार काळं केलंय. आमच्या कार्ट्यांचे उद्योग, दुसरं काय!”

तिनं टाचणी रुतलेलं बोट दाबून धरलं. ताई बोलतच होती.

“ते पुस्तक तू मावशीकडे नेलं होतंस नाही का गं? किती शहाण्यासारखी गेली होतीस तू. आम्हाला वाटलं, आकांडतांडव करशील. मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीस. आई शेवटपर्यंत सांगायची सगळ्यांना.”

“हो,” ती म्हणाली. “सांगायची.”

फोन ठेवल्यावर तिनं आठवून पाहिलं. पेन्सिल आठवत नव्हती. खोली आठवत होती, गादीचा कुबट वास, मावशीच्या नळाचं टपटपणं... खोडल्याचं मात्र काहीच नाही. लेखकाचा कुत्रा उठला होता. त्या बाईनं, त्या संक्षेपकारानंही प्रामाणिकपणे तो उठवला होता. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. एका दहा वर्षांच्या कारटीनं तेवढं मानलं नव्हतं. आणि मग वर्षानुवर्षं त्या कारटीनं ते मलाही कळू दिलं नाही. मी आपली मिरवतेय, समजूतदार, समजूतदार...

आठवलं ते राहिलं, गळलं ते गळायच्या लायकीचं. वा गं वा, पद्धतवाली!

राग आला. उशिरा आला, पण आला तो बाबांच्या थकलेल्या आवाजासकट आला. बाबांचा आला, आणि त्यात काय अर्थ आहे, गेले बिचारे. आईचा आला, ताईच्या महत्त्वाच्या वर्षाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या एका शब्दाचा, ज्याला भुलून आपण पुढची सगळी वर्षं कुणी ‘ऊठ’ म्हणायच्या आतच उठत आलो. भिंगकाकांचा मात्र आता येत नव्हता. ते भिंगातून तिसऱ्याच कुणाची चूक शोधण्यात गढले होते, खांदे पाडून, म्हातारे.

चार वाजता ती पानं घेऊन संपादकांच्या खोलीत गेली. ओळी बदललेल्या नव्हत्या. बदलायला हव्या होत्या. पुस्तक लेखकाचं होतं आणि त्याचा कुत्रा उठत होता, याबद्दल तिच्या मनात काडीचाही संशय नव्हता. नव्या मुलींना तिनं हेच सांगितलं असतं. तरी दोन ओळी लिहायला पेन उघडलं की हात तिथंच थांबत होता, दुपारपासून तीनदा थांबला होता.

“या,” संपादक फोन खांद्याशी धरून म्हणाले, आणि मोकळ्या हातानं त्यांनी तिच्याकडून पानं घेतली. “हो, आलं आलं, पाचव्या मिनिटाला पाठवतो.” मग तिच्याकडे बघून, मनापासून, “बरं झालं. तुमच्याशी कधी वाद घालायची पाळी येत नाही, हे एक सुख आहे बघा.”

त्यांनी पानं न बघताच छापखान्याच्या पाकिटात सरकवली आणि ते फोनवर पुढचं बोलू लागले. ती टेबलासमोर उभी राहिली. पाकिटातला कुत्रा अजून बसलेलाच होता, आणि ती अजून हो म्हणाली नव्हती.